अंगावरचं आणि आहेरातलं

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध अंबाबाईचं मंदिर, भोवती दुकानांचं गोल कडं आणि बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर सराफा, भांडी, चपला, कापड अशा मालाच्या वेगवेगळ्या ओळी. लग्नसराईत इथल्या एखाद्या कापड दुकानात तासभर बसावं. गिऱ्हाईक आत आलं की गादीवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "घरच्यांसाठी दाखवू, का देण्याघेण्याचं?" पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. घरच्यांसाठी म्हटलं तर वरच्या कप्प्यातला माल निघतो. पदर उलगडला जातो, काठ बोटांनी चाचपला जातो, साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिली जाते, घासाघीस होते. देण्याघेण्याचं म्हटलं तर मागच्या खोलीतून गठ्ठाच येतो. त्यातली साडी कुणी उलगडत नाही. रंग वेगवेगळे आहेत ना आणि एकूण किती नग झाले, एवढंच बघायचं. सोबत टोपी-टॉवेलचे जोड, ब्लाऊज पीसचा गठ्ठा, आणि बिल.

पैसे वाचवायचे म्हणून नवे कपडे घेणं बंद करू, असं ज्या घरात ठरतं त्या घरानं आधी या दुसऱ्या गठ्ठ्याकडे बघावं.

वर्षभर नवा कपडा घ्यायचा नाही, हा नेम जगात पुष्कळांनी करून पाहिला आहे. अमेरिकी कादंबरीकार ॲन पॅचेट यांनी 2017 साली कपडे, चपला, पर्स यांतलं काही न घेता वर्ष काढलं आणि त्यावर लेखही लिहिला. तिकडे असा नेम करणाऱ्याचं भांडण स्वतःच्या मनाशी असतं. दुकानाच्या काचेतली वस्तू हवीशी वाटते, ती घ्यायची नाही, एवढाच प्रश्न. नांदेड-लातूरकडच्या मध्यम किंवा शेतकरी घराचा प्रश्न वेगळा आहे. इथे घरातल्या चौघांनी वर्षभर स्वतःसाठी एक रुमालसुद्धा घेतला नाही तरी कापडाच्या दुकानात पैसे जातच राहतात, कारण त्यातला मोठा वाटा घरातल्या कुणाच्या अंगावर कधी चढतच नव्हता.

वर्ष कसं जातं ते पाहा. तुळशीचं लग्न झालं की लग्नतिथी सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत पुरतात. जवळच्या लग्नाला नवरदेवाच्या आईवडिलांना पेहराव, लांबच्या लग्नाला साडी नाहीतर टोपी-टॉवेल. घरात लग्न असेल तर बस्ता. म्हणजे सगळी भावकी दुकानात बसवून नवरा-नवरीपासून आत्या-मावश्यांपर्यंत सगळ्यांचं कापड एका बैठकीत काढायचं. पंचमीला लेक माहेरी येते, तिला साडी-चोळी. घरभरणीला घरधन्याला जोडीनं आहेर. बारशाला झबलं-टोपडं, जावळाला मामाकडून भाच्याला कपडे आणि बहिणीला साडी. डोहाळजेवणाला हिरवी साडी. कुणी गेलं तर दुखवट्याला कापड घेऊन जायचं. आणि तीनेक वर्षांनी अधिक महिना आला की धोंडे. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, त्याला कपडे, लेकीला साडी, नातवंडांना ड्रेस. ऐपत असेल तर चांदीची वस्तू.

आता हिशेब. समजा एका घराला वर्षात पंधरा ठिकाणी जावं लागलं आणि प्रत्येक ठिकाणी चारशेची साडी आणि दीडशेचा टोपी-टॉवेल गेला, तर आठ हजार अडीचशे रुपये झाले. 2022-23 च्या केंद्र सरकारच्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण भारतातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 3,773 रुपये निघाला होता. त्यात खाणं-पिणं, दवाखाना, प्रवास सगळं आलं. त्याच्याशी ताडून पाहिलं तर आहेराचा हा आकडा एका माणसाच्या दोन महिन्यांच्या जगण्याहून मोठा आहे. लातूरकडच्या शेतकऱ्याला समजेल असं सांगायचं तर सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन विकून देण्याघेण्याच्या तेरा साड्या येतात, तेही हमीभाव मिळाला तर. आडत बाजारात त्याहून कमी भावानं माल घालणारे किती जण असतात, हे मोंढ्यात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

या साड्यांचं होतं काय? फार थोड्या नेसल्या जातात. घेणारीला तो रंग आवडलेला नसतो, पोत अंगाला बोचतो, लांबी आखूड असते. ती साडी घडी न मोडता पेटीत जाते आणि पुढच्या लग्नाला तिसऱ्याच घरी निघते. काही बायका साडीच्या पिशवीवर आतल्या बाजूनं पेनानं नाव लिहून ठेवतात, जिच्याकडून आली तिलाच ती परत जाऊ नये म्हणून. असं पाच-सहा घरं फिरून साडी विटते, घडीवर पिवळी रेघ पडते, आणि शेवटी बोहारणीच्या पाटीत जाऊन तिच्या बदल्यात स्टीलची वाटी येते. चारशे रुपयांच्या कापडानं कुणाचं अंग झाकलं नाही. ते विणण्यात, रंगवण्यात, आणण्या-नेण्यात जे गेलं ते गेलंच.

मग ही रीत टिकते कशी? मांडवात एका कोपऱ्यात टेबल टाकून एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. कुणी काय केलं ते तो लिहितो: अमक्या गावचे तमके, साडी एक, तमके, रोख पाचशे एक. ती वही ट्रंकेत जपून ठेवलेली असते आणि पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की काढून पाहिली जाते. रीत टिकली ती या वहीमुळे, आणि वहीमागचा विचार शहाणपणाचा आहे. लग्नासारखा मोठा खर्च एका घरावर एकदम पडतो, तेव्हा शंभर घरांनी थोडं थोडं आणून द्यायचं आणि त्यांच्या वेळेला आपण परत करायचं. ही एक प्रकारची भिशीच आहे. पण भिशी पैशात चालते. साडी दुकानाबाहेर पडली की तिची किंमत निम्म्यावर येते, ती ना किराणा दुकानदार घेतो ना मंडपवाला. रोख आहेरानं कार्य करणाऱ्या घराला हातभार लागतो, कापडाच्या आहेरानं देणाऱ्याचा खिसा रिकामा होतो आणि घेणाऱ्याची पेटी भरते. म्हणून माझं स्पष्ट मत असं की वही ठेवावी, त्यातला कापडाचा रकाना काढून टाकावा.

हे करायला धीर लागतो, आणि त्याला एक क्रमही आहे. पाहुण्यानं स्वतःहून साडी नेणं बंद केलं तर तो चिक्कू ठरतो. ज्याच्या घरी कार्य आहे त्यानं आधी नको म्हणायचं असतं. 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ लग्नपत्रिकेवर छापण्याची पद्धत आपल्याकडे आता चांगली रुळली आहे. ज्या भावकीत एका वजनदार घरानं ती ओळ छापली आणि खरोखर पाळली, तिथे पुढच्या लग्नांना सोपं जातं. छापायची आणि मांडवात मात्र हळूच घ्यायचं, असं झालं की ती ओळ पुढे कुणी गंभीरपणे घेत नाही. घरात हा विषय बहुधा सुनेकडून निघतो आणि सासूपाशी अडतो.

"आत्याबाई, औंदा साड्यांचं देणंघेणं बंदच करू आपण."

"आन् लोक काय म्हणतील? तुझ्या नणंदेच्या सासरचे काय म्हणतील?"

"त्यांच्यातबी हेच चाललंय. आधी कुणी बोलावं म्हणून अडलंय सगळं."

असं बोलणं कार्याच्या आठ दिवस आधी काढून चालत नाही. तोवर बस्ता निघालेला असतो. मधल्या मोकळ्या दिवसांत, चार घरं एकत्र बसलेली असताना काढावं. अधिक महिन्याचा वायदा तर आधीच माहीत असतो. 2026 साली 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाला पोटभर धोंडे खाऊ घालावेत आणि कापडापुरते पैसे लेकीच्या खात्यावर टाकावेत, हे त्याआधी बोलून घेता येतं.

एक अपवाद मात्र मी करीन. पंचमीची किंवा दिवाळीची माहेरची साडी कापून बचत करू नये. ज्या बाईच्या नावावर ना शेत आहे ना घर, तिच्यासाठी ती साडी हक्काची असते. ती लेकीच्या आवडीनं निवडलेली असते, वर्षानुवर्षं नेसली जाते आणि फाटली तरी टाकवत नाही. खर्च कमी करायला बसलेले बापभाऊ नेमकी हीच साडी आधी कापतात, आणि साडूच्या घरभरणीचा पेहराव तसाच ठेवतात.

आता अंगावरच्या कपड्यांकडे येऊ. मराठवाड्यातल्या घराला कमी कापडात राहणं नवं नाही. दोन-तीन पिढ्यांमागे बाईला दोन लुगडी असत, एक अंगावर आणि एक दांडीवर. नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं फाटत नाही. बसण्या-उठण्यात जिथे घासतं तिथे ते आधी विरतं, बाकीचं धड राहतं. मग दोन जुनी लुगडी घ्यायची, दोन्हींतला विरलेला भाग फाडून टाकायचा, आणि धड तुकडे काठाला काठ जुळवून एकमेकांना शिवायचे. याला दंड घालणं म्हणतात. शिवण जाड झाली तर अंगाला रुतते, म्हणून कडा आत मुडपून, बारीक टाक्यानं, दोन्ही बाजूंनी चपटी शिवण घालावी लागे. नेसताना तो दंड निऱ्यांच्या आत लपेल अशा बेतानं लुगडं फिरवलं जाई. दोन फाटक्यांतून एक धडुतं निघालं आणि एका लुगड्याचे पैसे वाचले.

हीच युक्ती दूर इंग्लंडमध्येही होती. दुसऱ्या महायुद्धात, 1 जून 1941 पासून, तिथे कपड्यांवर रेशन आलं. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं, आणि पुरुषाच्या एका सुटालाच त्यातली 26 जायची. 1949 च्या मार्चपर्यंत हे चाललं. सरकारनं जुन्याचं नवं कसं करावं याच्या पुस्तिका काढल्या, शिवणाचे वर्ग भरवले. पलंगाची चादर मध्ये विरली की ती उभी फाडायची आणि बाजूच्या धड कडा मध्ये आणून शिवायच्या, हे तिथल्या घराघरांत चाले. युद्धाच्या त्याच काळात हिंदुस्थानातही कापडाची टंचाई झाली. 1943 साली सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला आणि ठाणावर किंमत छापून येऊ लागली. रेशन दुकानाला आजही मराठवाड्यात 'कंट्रोल' म्हणतात. त्या कंट्रोलवर पुढे गरिबांसाठी स्वस्त कापड येत राहिलं. 1976 पासून हातमागावरच्या जनता साड्या आणि धोतरं आली, आणि राज्य सरकारच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय कार्डावर घरटी वर्षाला एक साडी आहे.

दंड घातलेलं लुगडंही एक दिवस संपायचं. मग त्याच्या धड पट्ट्यांची पोरांना कुंची आणि दुपटी व्हायची, मऊ तुकड्यांची बाळोती, आणि उरलेल्याची वाकळ. वाकळेला खाली जाडंभरडं धोतर, मध्ये चिंध्यांचे थर, वर त्यातल्या त्यात चांगलं लुगडं. मोठ्या सुईत जाड दोरा ओवून कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. उन्हाळ्याच्या दुपारी चार बायका चार कोपऱ्यांना बसल्या की काही दिवसांत वाकळ उभी राहायची. तीही विरली की तिची फडकी, फडक्यांचं सारवणाचं पोतेरं, आणि अगदी शेवटच्या चिंधीचा काकडा नाहीतर वात. कचऱ्यात जायला काही उरत नसे.

हे वर्णन वाचून जुन्या काळाचा उमाळा येणं साहजिक आहे, पण त्यात कुणाचे हात होते ते विसरू नये. ही सगळी काटकसर बायकांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर चालली होती. शेतातून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात. घरात आज बचतीचा बेत करताना 'जुनं नीट करून वापरू' असं नवरा म्हणतो, तेव्हा ते कोण नीट करणार हेही त्यानंच सांगावं. बटण लावणं आणि उसवलेली शिवण टाचणं ही दहा मिनिटांची कामं आहेत. मुलांना आणि पुरुषांना ती न येण्याचं काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे कापडच. ती साखळी चालली कारण ते सूत होतं. सुती कापड घाम शोषतं, धुऊन धुऊन मऊ होतं, म्हणून त्याचं बाळोतं होतं, फडकं होतं, वात होते. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉनच्या साड्या आल्या. त्या लवकर वाळत, इस्त्री लागत नसे, वर्षानुवर्षं फाटत नसत, आणि रानात राबणाऱ्या बाईला या सोयी खऱ्याच होत्या. पण पॉलिस्टरच्या साडीची वाकळ बेचाळीस अंशांच्या उकाड्यात अंगाला चिकटते, तिचं फडकं पाणी टिपत नाही, आणि चुलीजवळ ती वितळून कातडीला चिकटण्याचा धोका असतो. कापड टिकाऊ झालं तरी त्याचं पुढचं आयुष्य मात्र संपलं. जुन्या सुती कापडाची गरज किती असते, हे 'गूंज' या संस्थेच्या कामात दिसतं. अंशू गुप्ता यांनी ती 1999 साली काढली. लोकांनी टाकलेल्या सुती कपड्यांतून ही संस्था गावाकडच्या बायकांसाठी मासिक पाळीची घडी तयार करते.

आपल्या भागात कापसाचं आणि सुताचं नातं जुनं आहे, म्हणून हे जास्त टोचतं. नांदेड एके काळी बारीक मलमलीसाठी नावाजलेलं होतं. आसपासच्या शिवारात 'गावराणी' जातीचा देशी कापूस पिके, आणि तो देशी वाणांत दर्जेदार गणला जाई. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून पुढे एनएचएच 44 हा संकरित वाण निघाला आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो वर्षानुवर्षं पेरला. निजामाच्या राजवटीत शहरात उस्मानशाही मिल उभी राहिली, तिच्यावर कितीतरी घरं जगली, आणि ती बंदही पडली. खादीचा धागा मात्र अजून आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं आणि नांदेडला ध्वज तयार होतात. देशात अशी ठिकाणं मोजकीच आहेत. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली.

नवे कपडे घेणं थांबवलं तर आपल्याच कापूसवाल्याच्या पोटावर पाय येईल का, अशी शंका इथे कुणीही काढेल. आकडे मांडून पाहू. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. एका सुती शर्टाला, सूतकताईतली घट धरून, तीनशे ग्रॅम रुई लागते असं धरू. म्हणजे जवळजवळ नऊशे ग्रॅम कापूस, आणि त्याचे पैसे सत्तरेक रुपये. त्यातली सरकी तेलाला आणि ढेपेला जाते ती वेगळीच. दुकानात हजाराला घेतलेल्या शर्टातून मुदखेड-भोकरकडच्या शेतकऱ्यापर्यंत इतकंच पोचतं. देण्याघेण्याची साडी तर बहुधा पॉलिस्टरची असते, तिच्यातून त्याला काहीच मिळत नाही. तेव्हा आहेराच्या दहा साड्या वाचवून घरच्यांसाठी एक चांगलं सुती कापड घेणारा माणूस कापूसवाल्याचं नुकसान करत नाही, थोडा फायदाच करतो.

पाण्याचा हिशेबही लातूरकरांनी मांडायला हवा. एका सुती शर्टाच्या मागे, शेतापासून रंगाईपर्यंत, सरासरी 2,700 लिटर पाणी लागतं, असा जगभर वापरला जाणारा अंदाज आहे. आपला कापूस बहुतांशी पावसावरचा असतो, त्यामुळे त्यातलं सगळं पाणी धरणा-विहिरीतून उपसलेलं नसतं, हे लक्षात ठेवायला हवं. तरी तुलना करून पाहण्यासारखी आहे. दुष्काळात 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती. त्या गाडीतलं सगळं पाणी 185 शर्टांच्या हिशेबात संपतं.

पाणी कपड्याचं आयुष्यही ठरवतं. लातूर-नांदेडच्या पुष्कळ वस्त्या बोअरच्या पाण्यावर आहेत आणि ते पाणी जड असतं. त्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साय होते, ती धाग्यात बसते, कपडा राखाडी आणि खरखरीत होतो. मग बाई जास्त साबण लावते, धोपटण्यानं जास्त बडवते, आणि कापड नेसण्यापेक्षा धुण्यानंच आधी मरतं. यावर उपाय स्वस्त आहे. सुती कपडे भिजवायच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकला की चुना खाली बसतो आणि कमी साबणात काम होतं. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नये. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसभर दोरीवर राहिलेला रंग दोन महिन्यांत उडतो. शर्ट एकदा घातला की धुवायलाच हवा असं नाही, घाम नसेल तर वाऱ्यावर टांगून पुन्हा घालता येतो. नवा कपडा न घेता वर्ष काढायचं असेल तर अर्धं काम मोरीत होतं.

या सगळ्या विषयात एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. काटकसरीनं जुनं नेसणं वेगळं आणि जुनंच नेसायला लावणं वेगळं. आपल्या समाजात दलितांच्या वाट्याला दुसऱ्याचं उतरलेलं कापड, प्रसंगी मढ्यावरचं कापड, हे हक्क म्हणून लादलं गेलं होतं. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितलं, जात दाखवणारं गुडघ्यापर्यंतचं लुगडं सोडा, पायघोळ आणि स्वच्छ नेसा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोक पांढरे कपडे घालून दीक्षेला आले. ज्या घरात भीमजयंतीला नवा शर्ट हा तीन पिढ्यांच्या लढ्यानंतर आला आहे, त्या घराला 'नवे कपडे सोडा' हे ऐकवण्याचा अधिकार कुणाला नाही. सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाला गणवेश वेळेवर आणि धड मिळावा, हीसुद्धा याच प्रश्नाची बाजू आहे. कमी करायचं ते ज्यांच्या पेट्या भरून वाहतात त्यांनी.

राहिली मुलं. ती वाढतात, त्यांना नवं लागतंच. पण पूर्वी टेलरकडे फ्रॉक शिवताना खाली मोठी दुमड घेत आणि कमरेशी टक घालत. पोरगी उंच झाली की दुमड सोडायची, टक उसवायचे, तोच फ्रॉक आणखी दोन वर्षं चाले. पँटच्या मागच्या शिवणीत दोन-तीन बोटं माया ठेवलेली असे. तयार कपड्यात ही माया जवळजवळ नसते, कारण कारखान्यात कापडाचा प्रत्येक इंच मोजलेला असतो. म्हणून विकत घेताना कपडा उलटा करून शिवण बघावी. आत कापड सोडलेलं असेल तर तो वाढवता येतो, नसेल तर तो अंगाबरोबर संपतो. मोठ्यांचे कपडेही नीट होतात. शर्टाची कॉलर मानेजवळ विरली तर उसवून उलटी लावता येते, पँटची चेन बदलता येते, सैल झालेली कंबर आत घेता येते. यासाठी टेलरला पैसे द्यायला कां-कूं करू नये, कारण हे काम नव्या शिवणापेक्षा किचकट असतं. जूनमध्ये त्याच्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग असतो, दिवाळीआधी आणि लग्नसराईत तो जुन्या कपड्याला हात लावत नाही. पितृपंधरवड्यात मात्र कुणी नवं कापड घेत नाही, त्याचं मशीन रिकामं असतं. वर्षभराचं उसवलेलं-फाटलेलं एका पिशवीत साठवावं आणि त्या पंधरा दिवसांत त्याच्याकडे न्यावं.